बेरियम टायटॅनेटची पावडर नेमकी कुठे बिघडते? या चुका टाळा

बेरियम टायटॅनेट म्हणजे दाबलं की विद्युतभार देणारं सिरॅमिक. पेलेटची (पावडर दाबून भाजलेल्या चकतीची) घनता आली नाही, डी-३३ (दाबामागे किती विद्युतभार मिळतो तो आकडा, पिकोकूलंब प्रति न्यूटनमध्ये) शंभराच्याही खाली अडकला, की पहिला आळ भट्टीवर येतो. रासायनिक पद्धतीने केलेल्या बेरियम टायटॅनेटमध्ये मात्र बहुतेक वेळा भट्टीआधीच घोळ झालेला असतो: बेरियम आणि टायटॅनियमचं १:१ प्रमाण ढळलेलं असतं.

सोल-जेलमध्ये (द्रावणाचं जेल करून त्यातून पावडर काढायच्या पद्धतीत) संशय घ्यायचा तो टायटॅनियम पुरवणाऱ्या द्रवावर, टायटॅनियम आयसोप्रोपॉक्साइडवर. लेबलावर ९७ टक्के असलं तरी पावसाळ्यात चार वेळा उघडलेल्या बाटलीचा भरवसा नाही. झाकणाच्या आट्यांवर पांढरी खपली दिसते ती बाष्पाचीच करामत. थोडं द्रव क्रुसिबलमध्ये तोलून घ्या, थेंब थेंब पाण्याने त्याचा साका करा, वाळवा, ९०० अंशांना भाजा. शुद्ध १० ग्रॅममागे २.८१ ग्रॅम टायटॅनिया (टायटॅनियम डायऑक्साइड) उरायला हवा. जो आकडा येईल त्यावरून बेरियम ॲसिटेट तोला. कंटाळवाणं काम आहे, पण याला पर्याय नाही.

आयसोप्रोपॉक्साइड आधी ॲसिटिक ॲसिडमध्ये मिसळा, बेरियमचं द्रावण नंतर, सावकाश. क्रम उलटला तर पांढऱ्या गुठळ्या होतात. त्या स्टिररवर रात्रभर फिरवून विरघळत नाहीत. सरळ टाकून द्या.

हायड्रोथर्मलमध्ये (बंद भांड्यात गरम पाण्यात दाबाखाली पावडर बनवायच्या पद्धतीत) शत्रू हवेतला कार्बन डायऑक्साइड. पाणी उकळून, झाकून गार करा, मगच बेरियम हायड्रॉक्साइड घाला. एक्सआरडीत (क्ष-किरणांनी स्फटिकरचना तपासणाऱ्या चाचणीत) २४ अंशांच्या कोनाजवळ उंचवटा दिसला तर तो बेरियम कार्बोनेटचा. विरल ॲसिटिक ॲसिडने धुतला की जातो, पण इथेच हात आखडता हवा. जास्त धुतलंत तर कणांच्या पृष्ठभागावरचं बेरियमही निघून जातं, अगदी साध्या डिस्टिल्ड पाण्यानेसुद्धा. शेवटच्या धुण्यांना पाण्यात थोडा अमोनिया घाला. टायटॅनियम वरचढ झालं की साधारण १३२० अंशांपुढे द्रव तयार होतो, आणि सूक्ष्मदर्शकाखाली बारीक कणांत मोजकेच अवाढव्य कण दिसतात. या धुण्याच्या पाण्यात विरघळलेलं बेरियम विषारी असतं, ते बेसिनमध्ये ओतू नका.

एक्सआरडीत ४५ अंशांजवळची रेषा दुभंगणं ही टेट्रागोनल (एका दिशेने किंचित ताणलेल्या) रूपाची खूण; पण ती दुभंगली नाही म्हणून पावडर फसली असं नव्हे. अतिसूक्ष्म कण एक्सआरडीत घनाकृती (क्युबिक) रचनेचेच दिसतात. टेट्रागोनल रूप आणायच्या घाईत पावडरच ११०० अंशांपुढे भाजली, तर कण एकमेकांना घट्ट चिकटतात आणि मग खलबत्ताही हात टेकतो. दुभंग सिंटर केलेल्या (भाजून घट्ट केलेल्या) पेलेटमध्ये तपासा.