मे महिन्यात फुलणाऱ्या कंदांची निगा

वैशाखाच्या उन्हात बागेतली बहुतेक झाडे कशीबशी तग धरून असताना मे फ्लॉवर, म्हणजेच फुटबॉल लिली, एकही पान नसताना मातीतून थेट फुलदांडा वर काढते आणि त्यावर सुमारे 15 सेंटीमीटर व्यासाचा लालभडक गोल उमलतो. हा गोल म्हणजे शंभराहून अधिक नाजूक फुलांचा गुच्छ असतो. मूळचा आफ्रिकेतला हा कंद आपल्या परसबागांत आणि गॅलऱ्यांत चांगलाच रुळला आहे. तरीही ‘पाने भरपूर येतात, पण फूल येत नाही’ ही तक्रार सर्रास ऐकू येते, आणि तिचे कारण बहुधा आधीच्या पावसाळ्यात व हिवाळ्यात दडलेले असते.

लागवड फेब्रुवारी-मार्चमध्ये, कंद सुप्तावस्थेत असताना करावी. हाताला टणक आणि वजनदार लागणारा कंद निवडावा. तळाशी मऊ पडलेला घेऊ नये. आठ ते दहा इंची कुंडीच्या तळाशी विटांचे तुकडे घालून वर दोन भाग पोयटा माती, एक भाग चांगले कुजलेले शेणखत आणि एक भाग वाळू असे मिश्रण भरावे. कंदाची मान मातीच्या पातळीला येईल इतकाच तो खोल लावावा. (याच दिवसांत फुलणाऱ्या, कर्ण्यासारख्या मोठ्या फुलांच्या ॲमरिलिस लिलीचा वरचा एक तृतीयांश भाग मात्र मातीबाहेर ठेवावा.) लावल्यावर एकदा पाणी द्यावे आणि कोंब दिसेपर्यंत हात आखडता घ्यावा, कारण मुळे नसलेला कंद ओल्या मातीत लवकर सडतो. फुलदांडा वर आला की कुंडी दुपारच्या उन्हातून हलवावी. सावलीत फुले अधिक दिवस टिकतात.

फूल ओसरल्यावर अनेकजण कुंडी कोपऱ्यात सारतात, आणि नेमके तिथेच चुकते. जूनपासून येणारी रुंद पाने पुढच्या वर्षीच्या फुलासाठी कंदात अन्न साठवत असतात. त्यामुळे ती कापू नयेत, कुंडीला सकाळचे कोवळे ऊन मिळू द्यावे आणि महिन्यातून एकदा मूठभर गांडूळखत घालावे. पावसाळ्यात काळ्या अंगावर पांढरे-तांबडे ठिपके असलेल्या अळ्या लिलीवर्गीय झाडांची पाने एक-दोन दिवसांत फस्त करतात. पानांच्या खालच्या बाजूला त्यांची अंडी पुंजक्याने असतात, तेव्हा पाने उलटून पाहावीत आणि सापडतील ती पुसून काढावीत.

हिवाळ्यात पाने पिवळी पडू लागली की पाणी हळूहळू कमी करून थांबवावे. पाने पूर्ण वाळल्यावरच काढावीत आणि कुंडी एप्रिलअखेरपर्यंत कोरड्या जागी तशीच राहू द्यावी. ही विश्रांती मोडली, तर फूल हुकण्याची शक्यता मोठी असते.

या कंदाला हलवलेले सोसत नाही, म्हणून कुंडी गच्च भरल्याशिवाय बालकंद वेगळे करू नयेत. कंद विषारी असल्याने लहान मुले आणि पाळीव प्राण्यांपासून ते दूर ठेवावेत आणि हाताळल्यावर हात स्वच्छ धुवावेत.