ॲपवर तारे मिळाले, तरी पोट्टं इंग्रजी का बोलत नाही?

पोरांचं मोठ्यानं वाचलेलं इंग्रजी ऐकून तारे देणारं ॲप फोनवर कसं उतरवायचं ते तुम्हा शिक्षकांना येतं. रेंज असेल तिथेच गोष्टीही उतरवून घ्या. गूगलचं रीड अलाँग (२०१९ मध्ये ते 'बोलो' नावानं आलं) उतरवलेल्या गोष्टी नेटशिवाय चालवतं. आपल्याकडे हे फार कामाचं.

चार पोरांमागे एक फोन पुरतो. सगळ्यांनी एकदम वाचलं तर फोनला कोणाचंच कळत नाही. एकेकाला व्हरांड्यात पाठवा, पंख्यापासून लांब. काही ॲपमध्ये 'आत्ता बोलू शकत नाही' असं बटण असतं, ते पोरं पहिल्याच दिवशी शोधतात. तेवढं लक्ष ठेवा.

आता खरी अडचण. माझ्या वर्गाला धडाधड तारे मिळत होते. एक दिवस पाहुणे आले, विचारलं, "व्हॉट डिड यू ईट टुडे?" सगळे माना खाली घालून बसले. पोरं वाचत होती, बोलत नव्हती. 'रोज अर्धा तास ॲप लावा, आपोआप येईल' असं सांगणाऱ्यांचं म्हणूनच मी आता ऐकत नाही.

गोष्ट वाचून झाली की फोन पालथा घाला. सारांश विचारू नका, पोरं पाठ म्हणतात. ज्याचं उत्तर गोष्टीत नाही ते विचारा. गोष्टीत कुत्रा हरवला, तुझी बकरी कधी हरवली का? उत्तर आधी वऱ्हाडीत येऊ द्या: "माही बकरी पराटीत घुसली." मग तेच इंग्रजीत. "माय गोट कॉटन इन गो" आलं तरी वाक्य संपेपर्यंत तोंड बंद ठेवा. मी मधेच टोकायची. एक हुशार पोरगी त्यापायी दोन महिने गप्प झाली होती.

नंतर एकच चूक सुधारा, आणि ती शब्दांच्या क्रमाची. मराठीत क्रियापद शेवटी, इंग्रजीत कर्त्याला चिकटून. फळ्यावर समजावून हे डोक्यात जात नाही. तीन पोरं उभी करा: 'माय गोट', 'इन द कॉटन', 'वेंट'. शेवटच्याला हात धरून मधे आणा. हसतात, पण विसरत नाहीत.

उच्चारांचा बाऊ करू नका. 'व्हेरी'ला वरचे दात खालच्या ओठावर, 'वेट'ला ओठ गोल. दोन मिनिटांत शिकवा आणि सोडा. 'फॉरेन ॲक्सेंट' मागणारे पालक भेटतील; त्यांना चहा पाजा.

कापूस वेचणीत पोरं गळतात, आणि घरचा फोन बाबा वावरातून आल्यावरच हाती येतो. तेव्हा व्हॉट्सॲपवर आवाज पाठवायला सांगा, एकच वाक्य: "टुडे आय पिक्ड कॉटन विथ माय मदर." तुम्हीही लिहून नका, बोलूनच उत्तर द्या, आणि उत्तरात पुढचा प्रश्न टाका: "हाऊ मेनी किलोज?"