पाकिटावर ‘सेंद्रिय’ छापताय? मग या चुका टाळा

ठाण्यात घोडबंदर रोडवरच्या मोठ्या सोसायट्यांच्या ग्रुपवर रविवारी सकाळी यादी पडते. सेंद्रिय गूळ, सेंद्रिय हळद, सेंद्रिय तूरडाळ, घाण्याचं तेल. सोबत पाकिटांचे फोटो. पाकिटावर एक हिरवं पान, एक हिरवा गोल, हौशी असेल तर दोन-तीन हिरवे गोल. माल बहुतेक वेळा बराच असतो. चुकतं ते लेबल, आणि दरवेळी त्याच चार जागी चुकतं.

नियम नवा नाही. अन्न सुरक्षा व मानके (सेंद्रिय अन्न) विनियम २०१७ साली आले आणि १ जुलै २०१८ पासून लागू झाले. त्यांचा गाभा एवढाच, की सेंद्रिय म्हणून विकायचं असेल तर माल दोनपैकी एका व्यवस्थेतून आलेला हवा. एक एनपीओपी, म्हणजे राष्ट्रीय सेंद्रिय उत्पादन कार्यक्रम, जी केंद्राची कृषी निर्यात संस्था अपेडा चालवते आणि जिथे मान्यताप्राप्त त्रयस्थ संस्था शेत, गोदाम आणि कारखाना तपासते. दुसरी पीजीएस-इंडिया, कृषी मंत्रालयाची, जिथे शेतकऱ्यांचा गट एकमेकांची शेतं तपासतो. ‘सेंद्रिय’ऐवजी ‘जैविक’ किंवा ‘ऑरगॅनिक’ लिहून सुटका होत नाही. शब्द बदलला तरी दावा तोच राहतो.

‘केमिकल घातलं नाही, म्हणजे सेंद्रियच की’

सगळ्यात जास्त दिसणारी चूक ही, आणि ती गुळावर सर्वात जास्त दिसते. गुऱ्हाळात काहिलीत रस उकळताना मळी वर आणायला भेंडीचा चिकट रस घालतात, आणि गूळ पिवळाधमक दिसावा म्हणून काही ठिकाणी हायड्रॉस, म्हणजे सोडियम हायड्रोसल्फाइट. ते टाळलं की गूळ काळपट-तांबूस निघतो. गिऱ्हाईकही आता हुशार झालंय, काळा गूळ मागतं. मग काळा म्हणजे सेंद्रिय, असं समीकरण होऊन बसतं आणि तेच लेबलवर छापलं जातं.

पण हायड्रॉसचा प्रश्न गुऱ्हाळातला आहे आणि सेंद्रियपणाचा शेतातला. त्याच उसाला युरिया गेला असेल, तणनाशक मारलं असेल, तर काहिलीत नुसती भेंडी घालून तो सेंद्रिय होत नाही. एनपीओपीत जमिनीला रूपांतराचा, म्हणजे साध्या शेतीतून सेंद्रियकडे वळण्याचा, काळ काढावा लागतो: हंगामी पिकांना पेरणीआधी किमान २ वर्षं, बहुवार्षिक पिकांना पहिल्या काढणीआधी किमान ३ वर्षं. या काळातला माल ‘रूपांतराधीन’ असतो. पीजीएसमध्ये त्यासाठी ‘पीजीएस-इंडिया ग्रीन’ असं वेगळं चिन्ह आहे आणि पूर्ण झालेल्यासाठी ‘पीजीएस-इंडिया ऑरगॅनिक’. ‘ग्रीन’चा माल घेऊन पाकिटावर ‘ऑरगॅनिक’ छापणारे आहेत. हिरवं ते हिरवंच, असं त्यांना वाटत असावं.

इथे हमखास पुढे केला जातो तो लॅबचा रिपोर्ट. ‘रेसिड्यू टेस्ट केलीय, काही सापडलं नाही.’ छान. पण रिपोर्ट त्या नमुन्यापुरता बोलतो, शेताबद्दल नाही. सेंद्रिय अन्नात कीटकनाशकाचा अंश नेहमीच्या मर्यादेच्या ५ टक्के किंवा यंत्राला मोजता येईल ती किमान पातळी, यांपैकी जे जास्त असेल त्याच्या आत हवा. ही अट प्रमाणपत्राच्या जोडीला आहे, बदल्यात नाही. रिपोर्ट स्वच्छ आणि प्रमाणपत्र नाही, तर माल चांगला आहे एवढंच सिद्ध झालं.

प्रमाणपत्र नसेल तर काय लिहावं? जे खरं आहे ते. कोणत्या गावचा ऊस, कोणत्या महिन्यातलं गाळप. यावर कुणी बोट ठेवत नाही आणि गिऱ्हाईक हेच आवडीनं वाचतं. ‘केमिकल-फ्री’ मात्र लिहू नका. अन्न सुरक्षा अधिकाऱ्यानं ‘कुठलं केमिकल, दाखवा रिपोर्ट’ म्हटलं की बोलती बंद होते. ‘होममेड’, ‘घरगुती’ हेही तसंच. ग्राहकाचा गैरसमज होईल असे शब्द २०१८ च्या जाहिरात व दावे विनियमांनी बाद केलेत, आणि रबाळ्याच्या गाळ्यात भरलेल्या मसाल्यावर ‘घरगुती’ लिहिलं तर गैरसमज होणारच.

साखळी गाळ्याच्या दारात तुटते

ही चूक महागात पडते, म्हणून जरा सविस्तर.

तुर्भे, रबाळे, महापे पट्ट्यात रिपॅकिंगचे गाळे पुष्कळ. तिथे घडणारं ठरलेलं नाटक असं. गाळेवाला सांगलीकडच्या एका शेतकरी गटाकडून ३०० किलो हळकुंड घेतो. गटाकडे एनपीओपीचं स्कोप सर्टिफिकेट, म्हणजे प्रमाणन संस्थेनं दिलेलं प्रमाणपत्र आहे, खरं आहे, चालू आहे. त्याची झेरॉक्स फाइलला लागते. माल गाळ्यात येतो, पल्व्हरायझरवर दळला जातो, २०० ग्रॅमच्या पाऊचमध्ये भरला जातो. पाऊच छापून आलेले असतात: पाच रंग, रोटोग्रॅव्ह्युअरचे पाच सिलिंडर, आणि छापखान्याची किमान ऑर्डर पुरी करायला पुढच्या दीड-दोन वर्षांचा रोल. त्यावर जैविक भारत (केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाचं, म्हणजे एफएसएसएआयचं), इंडिया ऑरगॅनिक (एनपीओपीचं) आणि शोभेला पीजीएस, अशी तिन्ही चिन्हं. मग एखादं ऑनलाइन दुकान माल लावून घेण्याआधी कागद मागतं आणि सगळा डोलारा बसतो.

कारण गटाचं प्रमाणपत्र गटाच्या फाटकापर्यंत चालतं. माल ज्याच्या ताब्यात जातो, जो दळतो, मिसळतो, पुन्हा पाकीटबंद करतो, त्या प्रत्येकाला स्वतःचं स्कोप सर्टिफिकेट लागतं. सीलबंद पाकीट जसंच्या तसं विकणाऱ्या किराणा दुकानदाराला ते लागत नाही, पण गाळ्यात पाकीट भरलं जातं, विकलं जात नाही. दुसरं, गटाच्या प्रमाणपत्राच्या जोडपत्रात मालाची यादी असते. तिथे ‘हळद, सुकवलेली’ असेल आणि तुम्ही पावडर विकत असाल, तर दळण्याचं काम कुणाच्याच प्रमाणपत्रात बसत नाही. तिसरं, स्कोप सर्टिफिकेट सांगतं की हा माणूस सेंद्रिय माल पिकवू शकतो. *हेच* ३०० किलो सेंद्रिय आहेत हे सांगतं ते ट्रान्झॅक्शन सर्टिफिकेट, म्हणजे टीसी. ते दर विक्रीला वेगळं, विकणाऱ्याच्या प्रमाणन संस्थेकडून, अपेडाच्या ट्रेसनेट प्रणालीतून निघतं. त्यावर घेणाऱ्याचं नाव, लॉट नंबर आणि वजन असतं. टीसी नसेल तर तुमच्या गाळ्यातली हळद कागदावर साधी हळद आहे, मग ती कितीही चोख असो.

टीसी असूनही लोक अडकतात ते वजनात. ३०० किलो हळकुंड आलं. चाळण, दळण, उडालेली धूळ मिळून ४ टक्के तूट धरली तर २८८ किलो पावडर, म्हणजे २०० ग्रॅमचे १,४४० पाऊच. विक्रीच्या नोंदीत १,७०० पाऊच निघाले तर ५२ किलो हळद कुठून आली, हा प्रश्न तपासनीस पहिल्या दहा मिनिटांत विचारतो. ‘सणाला कमी पडली, वाशीच्या मसाला मार्केटमधून थोडी घेतली’ हे त्याचं खरं उत्तर असतं. ते देता येत नाही.

तिन्ही चिन्हं एकत्र छापण्याला तर काय म्हणावं. ज्या व्यवस्थेतून माल आला तिचं चिन्ह, आणि एफएसएसएआयचं जैविक भारत. बस. एनपीओपीच्या मालावर पीजीएसचं चिन्ह लावून तो दुप्पट सेंद्रिय होत नाही.

माझा रिवाज असा: छापील रोल सगळ्यात शेवटी. आधी स्वतःच्या गाळ्याचं स्कोप सर्टिफिकेट, मग पहिल्या मालाची टीसी, मग ५०० साधे पाऊच आणि स्टिकर. दोन-तीन लॉट असे निघून गेले आणि तपासणीत काही निघालं नाही, की सिलिंडर. स्टिकर दिसायला गरीब दिसतो हे मान्य. पण चुकलेले हजार स्टिकर रद्दीत जातात तेव्हा झोप लागते. चुकीचा रोल गाळ्यात पडून असला की ‘एवढा संपवून टाकू’ हा मोह सुटत नाही आणि खरा गुन्हा तिथेच घडतो. डिझायनर आधी आणि प्रमाणपत्र मागून, या उतावळेपणाला औषध नाही.

गोदामातली गोळी

शेत शुद्ध, कागद शुद्ध, आणि माल बाद होतो गोदामात. जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत इथे डाळीला कीड आणि तांदळाला सोंडे लागायला वेळ लागत नाही. भाड्याच्या गोदामात मालक सगळ्याच थप्प्यांना ताडपत्री टाकून अ‍ॅल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्यांची धुरी देतो. तुमच्या २० गोण्या त्याच ताडपत्रीखाली असतील तर त्या क्षणी त्यांचं सेंद्रियपण संपलं. मग सगळे विचारतात, ‘पण गॅस तर उडून जातो ना?’ उडून जातो. पण प्रश्न वासाचा नसून मनाई केलेलं द्रव्य वापरल्याचा आहे.

उपाय कंटाळवाणे आहेत म्हणून कुणी करत नाही. पावसाळ्याआधी माल कमी ठेवा. गोण्या भिंतीपासून हातभर दूर आणि पॅलेटवर. डाळ-तांदूळ निर्वात पाकिटात, नाहीतर कार्बन डायऑक्साइड किंवा नायट्रोजन भरून. आणि गोदामाच्या मालकाशी लेखी करार, की धुरी देण्याआधी कळवायचं. तोंडी सांगितलेलं हमाल बदलला की विसरलं जातं.

यंत्राचंही तेच. ज्या पल्व्हरायझरवर काल साधी मिरची दळली, त्यावर आज सेंद्रिय हळद घ्यायची असेल तर जाळी काढून पूर्ण सफाई, मग सेंद्रिय मालाचे पहिले २-३ किलो दळून ते साध्या मालात टाकायचे, आणि रजिस्टरला तारीख-वेळेसह नोंद. नोंद नसेल तर सफाई झाली नाही असंच धरतात. सोपं जातं ते सकाळचं पहिलं दळण सेंद्रियाचं ठेवणं.

एका ओळीच्या चुका

लेबल फक्त मराठीत. बंधनकारक मजकूर इंग्रजीत किंवा देवनागरी हिंदीत हवा, मराठी त्याच्या जोडीला खुशाल लिहा.

एफएसएसएआयचा परवाना क्रमांक दुसऱ्याचा. १४ आकडी क्रमांकाचा पहिला आकडा १ असेल तर परवाना, २ असेल तर नोंदणी. पुढचे दोन राज्याचे, महाराष्ट्राचे १५. परराज्यातल्या उत्पादकाचा क्रमांक छापून ठाण्यात भरलेलं पाकीट वाचता येणाऱ्याला लगेच कळतं.

नुसतं ‘बेस्ट बिफोर’ छापणं. २०२० च्या लेबलिंग विनियमांनुसार ‘एक्सपायरी’ किंवा ‘यूज बाय’ तारीख सक्तीची, ‘बेस्ट बिफोर’ ऐच्छिक.

एककाची किंमत विसरणं. २०० ग्रॅमचं पाकीट ९० रुपयांना असेल तर एमआरपीजवळ ‘₹०.४५ प्रति ग्रॅम’ लागतं. हे वैधमापनशास्त्राचं खातं बघतं, अन्न व औषध प्रशासन नाही, त्यामुळे एकाचं पुरं केलं म्हणून दुसऱ्याचं सुटत नाही.

दुकानात सेंद्रिय आणि साधा माल एकाच फळीवर. ओळखू येईल असा वेगळा मांडायचा, हे विनियमातच आहे.

चटण्या-मसाल्यात ‘ऑरगॅनिक’ ठोकून देणं. एनपीओपीत पाण्यामिठाचं वजन सोडून किमान ९५ टक्के घटक प्रमाणित हवेत. ७० ते ९५ टक्क्यांच्या मधे असाल तर ‘सेंद्रिय घटकांपासून बनवलेलं’ इतकंच. ७० च्या खाली फक्त घटकांच्या यादीत त्या घटकापुढे. आणि एकच घटक अर्धा सेंद्रिय, अर्धा साधा घेता येत नाही, मिरची असो की धणे.

‘आम्हाला सूट आहे’

सूट आहे, पण तुम्हाला नाही. मुरबाड किंवा शहापूरचा छोटा शेतकरी, किंवा अशा शेतकऱ्यांची संस्था, स्वतः पिकवलेला माल ठाण्याच्या आठवडी बाजारात थेट खाणाऱ्याच्या हातात देत असेल, तर त्याला प्रमाणपत्राची सक्ती नाही. मात्र त्यालाही जैविक भारतचं चिन्ह लावता येत नाही. त्याच्याकडून वाड्याचा कोलम तांदूळ घेऊन, पाच किलोच्या पिशव्या भरून, सोसायटीच्या ग्रुपवर विकणारे तुम्ही मूळ उत्पादक नाही. शेतकरी मावसभाऊ असला तरी नाही.

चुकीच्या लेबलला अन्न सुरक्षा कायद्याच्या कलम ५२ खाली ३ लाख रुपयांपर्यंत दंड आहे, दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला कलम ५३ खाली १० लाखांपर्यंत. ग्रुपवर टाकलेली रविवारची यादी हीसुद्धा जाहिरातच.

स्कोप सर्टिफिकेटची मुदत एक वर्षाची असते. नूतनीकरणाचा अर्ज शेवटच्या आठवड्यात करणाऱ्यांचा माल मधल्या काळात लटकतो, कारण चालू प्रमाणपत्राशिवाय टीसी निघत नाही. मुदत संपायच्या तीन महिने आधीची तारीख कॅलेंडरवर लाल करून ठेवा, आणि तुमच्या पुरवठादार गटाची तारीख तिच्या शेजारी. त्यांची आधी संपत असेल तर वर्षाचा माल त्याआधीच उचला, टीसीसकट.