नाशिकहून अंदमानला मोठा कोकर धरायला जाताय? आधी गाठ ओढून बघा

रॉड, रीळ आणि पॉपर, जिग ही नकली आमिषं तुम्हाला माहीत आहेत असं धरून चालतो. मला जी एक गोष्ट नडली तीच सांगतो, कारण अजूनही ती आठवली की जीव हळहळतो.

अंदमानच्या पहिल्या ट्रिपसाठी दोन वर्षं पैसे साठवले होते. तिसऱ्या दिवशी सकाळी रीफच्या (पाण्याखालच्या खडकाच्या) कडेला लाटा फुटत होत्या तिथे पॉपर टाकला, चार-पाच झटके दिले आणि मोठा कोकर मासा, म्हणजे ज्याला सगळे जीटी (जायंट ट्रेव्हली) म्हणतात तो, असा आला की पाण्यात खड्डाच पडला. रीळ किंचाळलं, दहा सेकंद गेले नसतील, आणि सगळं सैल! मला वाटलं खडकाला घासून दोरी तुटली. बोटीवरच्या पोऱ्याने टोक हातात घेऊन दाखवलं, ते कापलेलं नव्हतंच, स्प्रिंगसारखं गोल गोल वळलेलं होतं. म्हणाला, "दादा, टूटा नहीं, फिसला है."

ब्रेड (रिळावरची विणलेली दोरी) आणि लीडर (आमिषाजवळचा दोरीचा तुकडा) जोडायची एफजी गाठ ही खरं तर गाठच नाही, जाड नायलॉनच्या लीडरवर ब्रेडचे उलटसुलट वेढे असतात आणि ताण आला की ते आवळून बसतात, बस. मी घरी पंख्याखाली आरामात बसून बांधली होती, दिसायला सुबक, पण आवळलीच नव्हती. वेढे घालताना ब्रेड सतत ताणलेली हवी, वीसेक वेढे झाले की ओली करून जीव खाऊन ओढायची, ब्रेडचा रंग गडद होतो आणि वेढे लीडरमध्ये रुततात. रंग बदलला नाही तर सोडा आणि परत बांधा, "चालेल" म्हणू नका. नाही चालत.

आता मी लीडरचं टोक गच्चीच्या लोखंडी ग्रिलला बांधतो, ब्रेड लाटण्याला गुंडाळतो आणि हातमोजे घालून अख्ख्या अंगाने ओढतो. हातमोजे घालाच, ब्रेड बोट कापते. ड्रॅग, म्हणजे किती ताण आला की रीळ दोरी सोडेल ते, तोसुद्धा हाताच्या अंदाजाने लावू नका, बॅग मोजायचा काटा दोरीला अडकवून बघा. पीई ८ जाडीच्या ब्रेडला मी १० किलोच्या आसपास ठेवतो. दुकानदार "अजून जाड घ्या" म्हणेल, व्हिडिओवाले दोन मिनिटांत गाठ शिकवतील, पण माझं स्पष्ट मत आहे की बोटीवर रोज जाणाऱ्या माणसासमोर एक गाठ बांधून दाखवली तर दहा व्हिडिओंपेक्षा जास्त कळतं.

ताकद कमी पडेल अशी भीती बाळगू नका. आपल्याकडे समुद्र नाही म्हणून काही अडत नाही, गंगापूर धरणाच्या बॅकवॉटरला मोकळी जागा बघून हूक काढलेला पॉपर फेकत राहा, महिन्याभरात खांदा तयार होतो. बोट लागण्याची गोळी मात्र बोटीत बसायच्या आधीच, उलटी सुरू झाल्यावर घेऊन उपयोग नाही.

आणि हूकच्या टोकाचे उलटे काटे पकडीने दाबून टाका, म्हणजे मासा सुटला तरी हूक त्याच्या तोंडातून निघू शकतो. जीटीचा जागतिक विक्रम ७२.८ किलोचा आहे, २००६ साली जपानमध्ये धरलेला, एवढं वाढायला माशाला किती वर्षं लागत असतील! माझ्या त्या कोकराच्या तोंडात पॉपर तसाच राहिला, काटे मी दाबले नव्हते. मासा गेल्याचं दुःख कधीच विरलं, हे नाही विरत.