आजारी मुलाला दवाखान्यात न्यायला उशीर होतो, तो या चुकांमुळे

थर्मामीटरकडे बघत बसणं ही सगळ्यांत मोठी चूक. १०३ ताप असलेलं मूल पाणी मागतंय, आईला ओळखतंय, औषधानंतर तासाभरात खेळण्याकडे हात नेतंय, तर ते बहुधा सकाळपर्यंत थांबू शकतं. उठवूनही डोळे न उघडणारं मूल, ताप फक्त १०० असला तरी, थांबू शकत नाही. म्हणून श्वास, पिणं, लघवी आणि जाग या चार गोष्टी आधी बघायच्या. तापाचा आकडा त्यानंतर.

याला अपवाद तीन महिन्यांच्या आतलं बाळ. त्याला १००.४ फॅरनहाइट ताप आला तर ते कितीही चांगलं दिसत असलं तरी त्याच दिवशी, त्याच वेळी दाखवा. एवढ्या लहान बाळात जंतुसंसर्गाची दुसरी खूण दिसेलच असं नाही. उलट अंग गार पडून ताप ९६ च्या खाली गेला, तर तेही तेवढंच गंभीर. अशा बाळाला टोपी घाला, आईच्या उघड्या छातीशी धरा, वरून पांघरूण घ्या आणि निघा.

श्वास मोजताना बहुतेक घरांत गडबड होते. मूल रडत असताना मोजतात, किंवा पंधरा सेकंद मोजून चारने गुणतात. तान्ह्या बाळाचा श्वास एकसारखा नसतो, मध्ये जरा थांबतो, मग भराभर चालतो, त्यामुळे गुणाकार चुकतो. मूल शांत किंवा झोपलेलं असताना झबलं वर करा, मोबाइलवर पूर्ण एक मिनिट लावा आणि पोट किती वेळा वर येतं ते मोजा. दोन महिन्यांच्या आत ६० किंवा जास्त, दोन महिने ते एक वर्ष ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षांत ४० किंवा जास्त, हा जलद श्वास. तान्ह्या बाळाचा आकडा जास्त आला तर एकदा पुन्हा मोजून खात्री करा. जलद श्वास असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवायचं. पण श्वास आत घेताना बरगड्यांखाली खड्डा पडत असेल (आपल्याकडे ‘पोट उडतंय’ म्हणतात ते हेच), श्वास सोडताना कण्हल्यासारखा आवाज येत असेल, शांत असतानाही घशातून घरघर येत असेल, किंवा ओठ-जीभ निळसर दिसत असेल, तर मोजत बसू नका. अशा वेळी छातीला तेल-बाम चोळण्यात आणि वाफ देण्यात गेलेला अर्धा तास फार महाग पडतो.

जुलाब-उलट्यांत लोक जुलाब मोजतात, लघवी मोजत नाहीत. दिवसा सहा ते आठ तास लघवी नाही, डोळे खोल गेलेत, रडताना अश्रू नाहीत, टाळू आत गेलीय, पोटाची कातडी चिमटीत धरून सोडल्यावर दोन सेकंदांनंतरही तशीच उभी राहते, तर हे घरी सांभाळायचं मूल नाही. ओआरएसचं मोठं पाकीट एक लिटर पाण्यात पूर्ण टाकायचं. अर्धं पाकीट पेल्यात ढवळलं की मीठ जास्त होतं आणि मुलाला त्याचा अपाय होतो. दोन वर्षांखाली प्रत्येक जुलाबानंतर ५० ते १०० मिली, त्याहून मोठ्याला १०० ते २०० मिली. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबा आणि चमच्या-चमच्याने पुन्हा सुरू करा. पाजलेलं प्रत्येक वेळी बाहेर येत असेल तर सलाइनची गरज आहे.

पावसाळ्यानंतर डेंग्यूच्या दिवसांत एक फसवणूक हमखास होते. तिसऱ्या ते सातव्या दिवसादरम्यान ताप उतरतो, घरचे सुटकेचा श्वास टाकतात, आणि नेमका हाच काळ धोक्याचा असतो. या वेळी रक्तातलं पाणी रक्तवाहिन्यांबाहेर झिरपू शकतं. ताप नाही पण पोट सतत दुखतंय, उलट्या थांबत नाहीत, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त येतंय, हातपाय गार, मूल चिडचिडं किंवा मलूल, तर प्लेटलेटच्या रिपोर्टची वाट न बघता निघा. डेंग्यूची शंका असताना आयबुप्रोफेन किंवा ॲस्पिरिन देऊ नका.

पॅरासिटामॉलचा घोटाळा बाटलीत असतो. थेंबांच्या बाटलीत बहुधा १ मिलीत १०० मिलिग्रॅम असतं, सिरपमध्ये ५ मिलीत १२० किंवा २५०. दहा किलोच्या मुलाला एका वेळी १०० ते १५० मिलिग्रॅम लागतं, म्हणजे थेंबांच्या बाटलीतून १ ते दीड मिली. ‘एक चमचा’ समजून तेच ५ मिली पाजलं तर ५०० मिलिग्रॅम जातं. दोन डोसांत सहा तासांचं अंतर ठेवा.

पाच वर्षांखालच्या मुलाला दुकानातून मागून आणलेलं खोकल्याचं सिरप नकोच. २०२५ मध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्याच्या मुलांच्या सिरपमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल हे विषारी रसायन निघालं. त्यांची मूत्रपिंडं निकामी झाली, अनेकांना उपचारासाठी नागपुरात आणलं गेलं आणि बरीच मुलं वाचली नाहीत. कुठल्याही औषधानंतर लघवी कमी झाली की ते औषध तिथेच थांबवा, बाटली सोबत घ्या आणि लगेच दाखवा.

मे महिन्यात उन्हातून आलेलं मूल तापलंय आणि बरळतंय, तर तो उष्माघात धरा. त्यावर पॅरासिटामॉल चालत नाही. कपडे काढा, अंगभर पाणी मारा, पंखा लावा आणि हे चालू ठेवूनच दवाखाना गाठा.

झटका (आकडी, फिट) आला तर कुशीवर झोपवा, घड्याळ बघा. तोंडात चमचा, बोट, पाणी काही नको. कांदा किंवा चप्पल हुंगवल्याने झटका थांबत नाही. पाच मिनिटांत थांबला नाही, पुन्हा आला, किंवा नंतर मूल शुद्धीवर येत नाही, तर तातडी. पहिलाच झटका असेल तर थांबला तरी त्याच दिवशी दाखवा.

पावसाळ्यात जमिनीवर झोपलेलं मूल पहाटे पोटदुखीने उठलं आणि पापण्या मिटायला लागल्या, तर मण्यार सापाचा दंश समजा, अंगावर खूण दिसत नसली तरी. मण्यारचे दात इतके बारीक की खूण अनेकदा सापडत नाही.

शेवटची चूक रस्त्यात होते. रामटेक-काटोलकडून नागपूरला निघालेलं कुटुंब आधी ओळखीच्या दवाखान्यात, मग दुसऱ्या, मग तिसऱ्या दारात थांबतं. वरच्यापैकी काही दिसलं तर रुग्णवाहिकेसाठी १०८ ला फोन करा आणि चोवीस तास तातडीचे उपचार होतात तिथे, म्हणजे नागपुरातल्या मेडिकल, मेयो (ही दोन्ही सरकारी रुग्णालयं) किंवा मिहानमधल्या एम्सला सरळ चला. गाव लांब असेल तर आधी जवळच्या ग्रामीण रुग्णालयात ऑक्सिजन-सलाइन लावून मग पुढे. गुंगीतल्या मुलाला वाटेत पाणी पाजू नका, ते श्वासनलिकेत जातं. सगळ्या औषधांच्या बाटल्या पिशवीत टाका. कॅज्युअल्टीत (तातडीच्या विभागात) पोचल्यावर पहिल्याच वाक्यात सांगा, ‘सकाळपासून अंगावर पीत नाही’, ‘दुपारी दोननंतर लघवी नाही’. ताप किती होता ते त्यानंतर.