पापलेट घेताना आधी बोटांनी मोजा

बाजारात तळहातात मावणारी पापलेटं स्वस्तात वाट्यावर मिळतात आणि मोह होतोच. पण ती पिल्लं असतात. एकदाही अंडी न घालता जाळ्यात आलेली. २०२३ मध्ये पापलेटला राज्यमासा घोषित केलं, आणि महाराष्ट्रात १३५ मिलिमीटरपेक्षा, म्हणजे साधारण ५.३ इंचांपेक्षा लहान पापलेट पकडायला मनाई आहे. घरी पट्टीवर अंगठा आणि तर्जनी ताणून बघा, १३५ मिलिमीटर कुठवर येतात ते लक्षात ठेवा. बाजारात तोंडापासून शेपटीच्या टोकापर्यंत तेवढंच मोजायचं. कमी भरलं तर मावशींना सरळ सांगा, "मावशी, ही पिल्लं नकोत, मोठं असेल तर द्या." गिऱ्हाईकच घेईना म्हटल्यावर लिलावात बारक्या मालाला भाव राहत नाही.

लहान दिसणारा प्रत्येक मासा पिल्लू नसतो, हेही खरं. मांदेली, तारली मुळातच छोट्या चणीच्या. त्या खुशाल घ्या. कुरकुरीत तळलेल्या मांदेलीपुढे मला तरी पापलेट आठवत नाही!

१ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारीची बंदी असते. तेव्हा सुके बोंबील, सोडे, जवळा काढा.