भागीदार कंपनीशी बोलताना: नव्याने या कामात येणाऱ्यांसाठी

पार्टनर मॅनेजर म्हणून, म्हणजे भागीदार कंपनीशी रोजचा व्यवहार सांभाळायला, नव्याने रुजू झालेले बरेचजण सुरुवातीला करारात डोकं घालून बसतात. करार वाचायलाच हवा. पण भागीदारी रोज चालते ती कॉल आणि मेलवर. समोरचा करारातलं कलम काढून दाखवू लागला, की बोलणं आधीच बिनसलंय असं समजा.

कॉल संपला की मी त्याच दिवशी मिनिट्स, म्हणजे काय ठरलं याची नोंद, पाठवते. अगदी थोडक्यात: 'चाचणीचा डेटा तुमच्याकडून 12 तारखेपर्यंत. तो मिळाल्यावर कामाच्या तीन दिवसांत आमचा अहवाल. सपोर्टचा खर्च कोणी उचलायचा, हे आज ठरलं नाही.' शेवटची ओळ बहुतेकजण गाळतात आणि नेमकी तीच पुढे महागात पडते. जे ठरलेलंच नसतं, ते आपल्या सोयीने ठरलंय असं दोन्हीकडचे लोक धरून चालतात.

मोठमोठ्या कंपन्याही यात अडकतात. डिसेंबर 2009 मध्ये फोक्सवॅगन आणि सुझुकीने हातमिळवणी जाहीर केली. फोक्सवॅगनने सुझुकीचे 19.9 टक्के शेअर घेतले. सुझुकी स्वतःला बरोबरीचा, स्वतंत्र भागीदार मानत होती. फोक्सवॅगनच्या वार्षिक अहवालात मात्र छापून आलं, की सुझुकीच्या आर्थिक आणि कामकाजाच्या निर्णयांवर आपण लक्षणीय प्रभाव टाकू शकतो. सुझुकीला ते झोंबलं. पुढे तिने फियाटची डिझेल इंजिनं घेतल्यावर फोक्सवॅगनने करारभंगाचा आरोप केला. प्रकरण लवादापुढे गेलं आणि 2015 मध्ये फोक्सवॅगनला ते शेअर सोडावे लागले. आपलं स्थान काय, हे भागीदाराला तुमचा छापील अहवाल वाचून कळत असेल, तर मधल्या सगळ्या मीटिंगांत नेमकं काय बोललं जात होतं, असा प्रश्न पडतो.

काम लांबणार असेल तर ते कळेल त्याच दिवशी सांगा. आधी फोन, मग मेल, आणि मेलमध्ये नवी तारीख. 'लवकरच कळवतो' लिहिलंत, तर समोरच्याने त्याच्या वरिष्ठांना काय सांगायचं? एस्कलेशनची, म्हणजे प्रश्न वरिष्ठांपर्यंत नेण्याची, वेळ आलीच, तर त्यांच्या साहेबांना सीसीत टाकण्याआधी रोज ज्याच्याशी बोलता त्याला फोन करून कल्पना द्या. हा शिष्टाचार कुठल्याच करारात लिहिलेला नसतो, पण मोडला तर लोक वर्षानुवर्षं लक्षात ठेवतात.

आणि पहिल्या कॉलला बसण्याआधी आपल्याच सेल्सवाल्यांना गाठून विचारा, की त्यांनी काय काय कबूल करून ठेवलंय. उत्तर कधीकधी थक्क करणारं असतं.